मामाच्या गोठ्याआडून

सगळ्यात आधी माफी मागते. माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून लिहिणे म्हणजे किराण्याची यादी आणि फुलांच्या वजनाचे आकडे. ही वही नातवाची आहे, मागची कोरी पाने मी घेतली. चारचौघांना दाखवायला हे लिहीत नाही. पण माझी मुलगी नागपूरला नर्स आहे, तिला सुटी मिळाली नाही म्हणून ती या वेळी माझ्याबरोबर आली नाही. फोनवर मला धड सांगता येत नाही, समोरून "मग?" असे कोणी विचारले की मी फोन नातवाच्या हातात देते. म्हणून तिच्यासाठी इथे लिहून ठेवते.

जायचे होते अकोल्याला, माझ्या मोठ्या बहिणीकडे, शांतीकडे. मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती तेव्हा शांतीने हातातले सोन्याचे गोट मोडून मला पैसे दिले. घरी सांगितले की एसटीत चोरीला गेले. त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली. मी फुलांच्या पैशातून थोडे थोडे फेडत आले आणि आता शेवटचे सत्तावीस हजार उरले होते.

शांतीने ते कधीच मागितले नाहीत, आणि तेच मला जड जात होते. लहानपणी आम्ही दोघी दिवसातून चार वेळा भांडायचो आणि रात्री एकाच गोधडीत झोपायचो. तिचे पैसे घेतल्यापासून मी तिला एकदाही उलट बोलले नाही. ती काहीही म्हणाली तरी मी "हाव" म्हणते. तीसुद्धा माझ्याशी जपून बोलायला लागली, व्याह्यांशी बोलावे तशी. पैसे फिटले की हे संपेल, असे मला वाटत होते.

बँकेत टाकले की तिच्या मुलाच्या मोबाइलवर लगेच मेसेज जातो, आणि गोटांची खरी गोष्ट त्याला माहीत नाही. म्हणून रोख घेऊन निघाले. अकोल्याच्या वाटेवर दर्यापूरजवळ मामाचे शेत आहे. तिथे एक रात्र थांबायचे ठरवले.

बुधवार, अमरावती

आमचे गाव रिद्धपूरच्या बाजूला आहे. तिथून पहाटेच्या गाडीने शेवंतीची सात पोती घेऊन अमरावतीला आले. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी फुलांना चांगला भाव असतो. आमचा दलाल दरवेळी तेच म्हणतो, "काकू, तुमी भावच करत नाई, मंग मी तुमाले फसवू कसा?" मी पदर तोंडाला लावून हसले. त्याने पाचशेच्या नोटा मोजून दिल्या. घरून आणलेले त्यात मिळवले, चौपन्न नोटा झाल्या. मुलीच्या जुन्या फ्रॉकच्या कापडाची पिशवी शिवली होती, त्यात घालून ती पोलक्याच्या आत बांधली.

मग स्टँडजवळ गिला वडा खाल्ला. आमच्याकडे वडा म्हणजे कोरडा, हातात धरून खायचा. इथे तो दह्यात बुडालेला असतो आणि वरून लाल चटणी. चटणी कमी पडली. शांती असती तर तिने प्लेट पुढे करून दोनदा मागून घेतली असती. मला मागवेना. उरलेले दही तसेच प्यायले.

दर्यापूरहून मामाच्या गावाला काळीपिवळी जीप जाते. आत आधीच चौदा जण होते. ड्रायव्हर म्हणाला, "सरका जरा, अजून एक सवारी बसते."

"कुठी बसते बाप्पा?" माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला. "माह्या मांडीवर बसव. माही बायको घरीच हाये, पाहायले कोनी नाई."

सगळी जीप हसली. मी एका हाताने पिशवी दाबून बसले होते, तरी मलाही हसू आले.

दर्यापूर सोडले की जमीन बदलते. आमच्याकडे संत्र्याचे बगिचे, विहिरींना गोड पाणी. इकडे नजर जाईल तिथपर्यंत सपाट काळी माती, तूर आणि कापूस, आणि विहिरीचे पाणी खारट. या पाण्यात डाळ शिजत नाही. नव्या माणसाला चहा प्यायला दिला तर तो कपाकडे पाहतो. मी लहानाची मोठी याच पाण्यावर झाले. आई गेल्यावर मामाने आम्हा दोघींना इथे आणले, तेव्हा मी सात वर्षांची होते आणि शांती दहाची.

संध्याकाळी मामाच्या अंगणात चहाचा पहिला घोट घेतला आणि डोळे भरले. मामाची सून मंगला म्हणाली, "काय झालं वो ताई? साखर कमी पडली का?"

"नाई," मी म्हटले. "मीठ बरोबर हाये."

मामा आता ऐंशीच्या घरात आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण ऑपरेशनला तयार होत नाही. मामी जाऊन सहा वर्षे झाली. रस्त्याकडे टिनाचे नवे घर आहे, त्यातल्या एका खोलीत छतापर्यंत कापसाचा ढीग. भाव वाढेल म्हणून या वर्षी सगळ्यांनीच कापूस घरात ठेवला आहे. घराच्या एका बाजूला, जरा मागे, चाळीस पावलांवर जुना मातीचा गोठा. याच गोठ्याच्या सावलीत बसून मी आणि शांती गोफणीसाठी मातीचे गोळे वळायचो.

हे सांगायलाच हवे. तेव्हा इकडे सगळीकडे ज्वारी असायची. कणीस भरले की आम्ही दोघी मचाणावर बसून पाखरे राखायचो. आता ज्वारी कोणी पेरत नाही, मचाणही दिसत नाही. गोफणीला दगड लागतो आणि या मातीत दगड सापडत नाही. मामा म्हणायचा, "दगड पायजे त सोयरीक डोंगराकडे करा." म्हणून आम्ही मातीचे गोळे वळून चुलीत भाजायचो. गोळा ठेवायचा, एक टोक बोटात अडकवायचे, डोक्यावर तीन फेरे आणि तिसऱ्याला दुसरे टोक सोडायचे. शांतीचा आवाज मोठा आणि माझा नेम चांगला. ती ओरडायची, मी मारायचे. गावात सगळे मला मुकी म्हणायचे, पण मचाणावर मला बोलायची गरजच नव्हती.

रात्री वांग्याचे भरीत, भाकर, कांद्याची पात. मंगलाने अंथरूण घातले आणि मला पिशवीची काळजी पडली. झोपेत सुटली तर? मामी होती तेव्हा घरातले किडुकमिडुक कापसाच्या ढिगात ठेवायची. "कापसात कोनी हात घालत नाई, अंगाले खाज येते," म्हणायची. मीही तेच केले. ढिगाच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, खांद्यापर्यंत हात घालून पिशवी आत सारली. मग मला शांत झोप लागली.

गुरुवार, मामाचे शेत

दोनच्या जीपने निघायचे होते. मंगलाचा नवरा सकाळीच दर्यापूरला गेला. वेचणीच्या बाया नाल्यापलीकडच्या शेतात होत्या. वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात माणूस सापडत नाही, म्हातारे आणि कुत्री तेवढी असतात. मंगलाचा गुरुवारचा उपास, ती समोरच्या अंगणात शेंगदाणे भाजत होती. मी मामाजवळ गोठ्यात बसले होते. खुंटीला एक गोफण दिसली. हरभऱ्यातली रोही, म्हणजे नीलगाई, हाकलायला मामा अजून वापरतो. बाजूला त्याची बंदूक होती. रानडुकरांसाठी परवान्याची आहे. निवडणुकीत सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या होत्या, मामाने आपली दोन दिवसांपूर्वीच परत आणली होती.

तेवढ्यात अंगणात पांढरी पिकअप येऊन थांबली. दोघे उतरले, एक गाडीतच बसून राहिला.

"मालक कुठी हाये? कापूस भराचा हाये," एक जण मंगलाला म्हणाला.

"आमी त कोनाले देला नाई कापूस."

"आता देऊन राहिल्या ना," म्हणून त्याने सदरा वर केला. कमरेला गावठी कट्टा होता. "जा, मांगं जाऊन बुढ्याजवळ बस. आवाज करू नको."

मंगला हातातला झारा घेऊन तशीच पळत आली. तिचे ओठ पांढरे झाले होते. आमचे मोबाइल घरात चार्जिंगला होते. ती गोठ्याच्या टिनाच्या दाराआड दडायला लागली, तसा मामाने तिचा हात ओढला.

"टिनाच्या मांगं नको. भिंतीच्या मांगं ये."

हे मला लगेच कळले. आम्ही लहान असताना मामाने आम्हाला एकदा बंदूक चालवून दाखवली होती. टिनाचा पत्रा उभा केला, छर्रे आरपार गेले. मग याच गोठ्याच्या भिंतीवर मारली, छर्रे बोटभर आत जाऊन थांबले. "टिन तुमाले झाकते, वाचवत नाई. तुरीचंबी तसंच. भिंत वाचवते," तो म्हणाला होता. ही भिंत दीड हात जाड आहे. आम्ही तिघे खाली बसलो. भिंतीला हवेसाठी ठेवलेला झरोका आहे, त्यातून अंगण दिसते.

दोघांनी खोलीचे कुलूप तोडले आणि चादरीत कापूस भरायला लागले.

मंगला हळूच म्हणाली, "जाऊ द्या मामंजी. जीव राहिला म्हंजे झालं."

"हाव," मामा म्हणाला. "कापूस गेला त गेला. कापसासाठी कोनावर बार नाई कराचा."

एक चादर गाडीत गेली. दुसरी पसरली. अकरा वर्षे डोळ्यांसमोर आली, भल्या पहाटे तोडलेली फुले, आणि शांतीचे ते जपून बोलणे.

"मामा," मी म्हटले. "त्यात माहे पैसे हायेत."

"कायच्यात?"

"कापसात. शांतीचे. सत्तावीस हजार."

"कापसात ठेवाचं कोन सांगतलं तुले?"

"मामी ठेवे ना."

"मेली तरी तिची शिकवनूक सुरूच हाये," म्हणून मामाने बंदूक उचलली. दोनच काडतुसे होती. एक भरले, नळी झरोक्यात ठेवली आणि ओरडला, "ओ! बंदूक हाये माह्यापाशी. कापूस ठेवा अन् निंघा!"

कट्टेवाला हसला. "म्हातारबा, बंदुका त इलेक्शनले सगळ्याईच्या जमा झाल्या. झोप तू."

ते खरोखर त्याच हिशोबाने आले होते. मामा मला म्हणाला, "मले पिकअपचा नुसता पांढरा ढग दिसते. मानसाले लागलं नाई पायजे. टायर कुठी हाये ते सांग."

मी झरोक्याला डोळा लावला. "डावीकडे... अजून... आता खाली. खाली, मामा. बस."

बार झाला. कानात शिट्टी वाजायला लागली. टायर राहिले बाजूला, गाडीच्या दाराचा आरसा उडाला. कट्टेवाल्याने वळून आमच्याकडे गोळी झाडली. भिंत थरथरल्यासारखी वाटली आणि मामाच्या धोतरावर माती पडली. गोळी आत आली नाही.

मामाने दुसरे काडतूस भरले, पण घोड्यावरून बोट काढून घेतले. "हे ठेवाचं. हे गेलं की आपल्यापाशी मंगलाचा झारा राहिला फक्त."

ते दोघे गाडीच्या पलीकडे बसले. गाडीतला ओरडत होता, "चाल बे, चाल!" आणि कट्टेवाला म्हणत होता, "एकच बुढा हाये. भरा." त्यांनी दुसरी चादर ओढायला घेतली.

मी खुंटीवरची गोफण काढली. लहानपणी दगड नव्हता, आता गोठ्याच्या बाजूला रस्त्याच्या कामाची गिट्टी पडलेली होती. पण बंदूक भिंतीआडून चालते, गोफण चालत नाही. तिला डोक्यावर मोकळी जागा लागते. फिरवायची तर भिंतीबाहेरच यावे लागणार होते.

"ताई, नको वो," मंगलाने माझे लुगडे धरले.

मामा म्हणाला, "त्याचा कट्टा एका गोळीचा असन. झाडली की भराले टाइम लागते. पन अंदाज हाये, सांगता येत नाई. जाशीन त तीन फेरे अन् परत आत. कुठी लागलं ते पाहत उभी राहू नको."

पहिल्यांदा बाहेर आले. एक, दोन, तीन, सोडले. गिट्टी मातीच्या गोळ्यासारखी जात नाही, कोपऱ्यांमुळे भरकटते. सरळ तुरीत गेली. मी आत पळाले. लगेच कट्टा वाजला आणि टिनाच्या दाराला भोक पडले, जिथे मंगला आधी दडणार होती तिथेच.

"आता," मामा म्हणाला. "आता जाय."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी गोल पाहून खडा घेतला होता. तिसऱ्या फेऱ्याला सोडला आणि मामाने सांगितलेले विसरून उभीच राहिले. पिकअपची समोरची काच खळकन फुटली. ड्रायव्हरने गाडी चालूच केली होती, त्याने ती तशीच मागे घेतली. बाकीचे दोघे शिव्या देत धावत लटकले. एक चादर सुटून अंगणापासून रस्त्याच्या वळणापर्यंत कापूस उडाला.

मी त्यांच्या मागे ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. पाखरांना ओरडायची ती शांतीची शिवी होती.

बंदुकीचा आवाज ऐकून वेचणीच्या बाया नाल्यातून धावत आल्या. मंगला त्यांना सांगायला लागली आणि सांगता सांगता तीन चोरांचे सहा झाले. मी खोलीत गेले. ढीग अर्धा उपसला होता. डाव्या कोपऱ्यात हात घातला. पिशवी नव्हती.

सगळ्या बाया शोधायला लागल्या. कोणी अंगणातला कापूस चाळत होती, कोणी वळणापर्यंत जाऊन काट्यांवरून वेचत होती. एक चादर तर गाडीतून गेलीच होती. मी उंबऱ्यावर बसले.

मामा खोलीत आला, काठीने भिंत चाचपत. "कोनता कोपरा म्हनली?"

"डावा."

"दारातून डावा का आतून डावा?"

मला सांगता येईना. रात्री मी ढिगाला वळसा घालून आतल्या बाजूने गेले होते. मामाने दुसऱ्या कोपऱ्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि फ्रॉकच्या कापडाची पिशवी बाहेर काढली. चोर तिथून एका हाताच्या अंतरापर्यंत पोचले होते.

चार वाजता पोलीस आले. त्यांनी मामाचा परवाना पाहिला, रिकामे काडतूस घेतले, भिंतीतल्या भोकाचा फोटो काढला. काच कोणी फोडली, असे विचारले. मी खाली पाहिले. पंधरा बायांनी माझ्याकडे बोट केले. साहेब म्हणाले, "काकू, नशीब चांगलं. गोफनीले लायसन लागत नाई." मग जरा थांबून म्हणाले, "पन पुढच्या टायमाले बाहेर निंघू नका."

मंगलाचा नवरा या उन्हाळ्यात गोठा पाडून टिनाचे शेड टाकणार होता. संध्याकाळी तो बराच वेळ भिंतीच्या भोकात बोट घालून उभा होता.

शुक्रवार, अकोला

मंगला मला दर्यापुरापर्यंत सोडायला आली. पिशवी पोलक्यातच होती. अकोल्याला ऑटोवाल्याने तीस सांगितले, मी वीस म्हटले. तो "बसा" म्हणाला. मलाच नवल वाटले.

शांतीने मुलाला आणि सुनेला मुद्दाम बाजारात पाठवले होते. दारातच म्हणाली, "ये बाई. बस. थकली असशीन. चहा टाकू का?" तीच व्याह्यांची भाषा.

मी तिला मामाकडचे सगळे सांगितले. तिने दोनदा तोंडावर हात ठेवला. मग मी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि ती अंगठा ओला करून मोजायला बसली.

"तिरपन्न," ती म्हणाली. "एक कमी हाये. असू दे बाई, काई हरकत नाई."

"कमी नाई. चौपन्न हायेत."

"असू दे म्हनलं ना."

"कावून असू दे?" मी म्हटले. "पुरे हायेत. तुले मोजता कधी येत होतं?"

मीच घाबरले. शांती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मले? पाढे कोनं शिकवले तुले?"

"सातचा चुकीचा शिकवला. मास्तरनं मलेच मारलं."

"तू ढ होती म्हनून मारलं!"

"अन् तू पाचवीत दोनदा बसली ते?"

"हळू बोल, भवाने, शेजारची ऐकते!" तीच सर्वांत मोठ्याने ओरडत होती. तिने नोटा परत मोजल्या, मी हिसकावून मोजल्या, दोघी एकदम मोठ्याने मोजत गेलो आणि तिसाच्या पुढे दोघी चुकलो. ती म्हणाली माझ्यामुळे, मी म्हटले तिच्यामुळे. चौथ्यांदा एकेक नोट पाटावर मांडली. दोन कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. शांतीने नखाने त्या वेगळ्या केल्या.

"चौपन्न," ती म्हणाली. "भरले सगळे."

आणि पिशवी कमरेला खोचली.